कार्ड भरून मिळेल

२००९ साली सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोरच्या ओळीत मी मोबाइलचं दुकान टाकलं. रिचार्ज, कव्हर, चार्जर, दुरुस्ती आणि ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. बाकी कामांतून दुकानाचं भाडं निघायचं, घर चालायचं ते कार्डांवर. गाणी भरायची, सिनेमे भरायचे आणि कुणी मागितलं तर ‘तसले’ व्हिडिओही भरायचे. शाळेच्या गणवेशातल्या पोरांनाही मी ते भरून दिले. गावाचं नाव देत नाही, कारण त्या वेळची बरीच मुलं आज इथंच संसार करून आहेत आणि माझ्या चुकीबरोबर त्यांची ओळख उघडी पडायला नको.

तेव्हा नेट टूजी होतं. एखादा व्हिडिओ उतरवायचा तर अर्धा दिवस जायचा आणि बॅलन्सही संपायचा, त्यामुळे सगळा माल हार्ड डिस्कवर यायचा. दर महिन्याला मी शहरातल्या एका ठोक विक्रेत्याकडे जायचो. तो माझी डिस्क त्याच्या कॉम्प्युटरला लावायचा आणि नवं सगळं त्यात ओतायचा. आत काय आहे, कुठून आलंय, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. २ जीबीचं कार्ड भरायला ३० रुपये, ‘तसलं’ हवं असेल तर ५०. तीस सेकंदांच्या थ्रीजीपी क्लिपांपासून सुरुवात झाली. पुढं चायना मोबाइलचे पडदे मोठे झाले तसे व्हिडिओही मोठे झाले.

पोरं दुपारच्या सुट्टीत यायची. दुकानात बाईमाणूस असेल तर कव्हरच्या स्टँडपाशी उगाच कव्हरं चाळत राहायची. गिऱ्हाईक गेलं की एकजण काउंटरला येऊन हळूच विचारायचा, “दादा, तसलं हाय का?” मी मान वर करत नसे, नुसता हात पुढं करायचो. त्यामुळे मला चेहरे फारसे आठवत नाहीत, हात आठवतात. बोटांना पेनाची शाई लागलेली, मनगटावर राखीचा सुटत आलेला धागा, तळहातात घामानं चिकटलेलं बारीकसं कार्ड. ते हात किती वर्षांच्या मुलाचे आहेत, हे कळायला जन्मदाखला लागत नव्हता. मान वर केली असती तर विचारावं लागलं असतं आणि विचारलं असतं तर धंदा गेला असता. मान खाली ठेवायची, हे मी ठरवून केलेलं होतं.

घरी कार्ड सापडू नये म्हणून मी पोरांना एक सोय करून दिली होती. ते व्हिडिओ मी ‘आरती संग्रह’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचो. वर पाच-सहा खऱ्या आरत्या आणि त्यांच्या खाली बाकीचं. आईबापांपैकी कुणी फोन बघितला तरी आरती दिसणार. ही युक्ती पोरांमध्ये पसरली आणि शेजारच्या दोन दुकानांतलं गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं. मला त्याचा अभिमान वाटत होता, हेही इथं लिहायलाच हवं.

हा गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. अश्लील वस्तू विकायला बंदी आहे, एवढं साधारण ठाऊक होतं. नंतर कळलं की भारतीय दंड विधानात कलम २९३ मुद्दाम याच कामासाठी होतं. वीस वर्षांखालच्या कुणालाही अश्लील सामग्री विकली तर तीन वर्षांपर्यंत कैद. आता भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी कलम २९५ आलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७अ आणि ६७ब ही कलमं तर मी दुकान उघडलं त्याच वर्षी, ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाली. कायदा आधीपासून होता. फक्त माझ्या काउंटरपाशी कधी कुणी आलं नाही.

मनाची समजूत मी दोन वाक्यांनी घालायचो. पहिलं, “मी नाही दिलं तर शेजारचा देईल.” ते खरंच होतं, शेजारचा देतच होता. दुसरं, “या वयात सगळेच बघतात.” आमच्या वेळी कुणाच्या तरी घरी भाड्यानं व्हीसीआर आणून पोरं बसायची, ते मी जवळून पाहिलेलं होतं. २०१३ च्या जानेवारीत रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ आला. अशाच कॅसेटभोवती घोटाळणाऱ्या पोरांची आणि त्यांच्याशी बोलायला कचरणाऱ्या आईबापांची ती गोष्ट. तो सिनेमा मी बेकायदा कॉपी करून कितीतरी कार्डांत भरला आणि स्वतः दुकानात बसून पाहिला. पाहताना डोळ्यांत पाणी आलं. त्याच संध्याकाळी आठवीतल्या एका पोराचं कार्ड नेहमीसारखं भरून दिलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पोरांना विचारायला दुसरी जागा नव्हती, हेही तितकंच खरं. शाळांमध्ये सुरू होऊ घातलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली आमदारांच्या विरोधानंतर राज्यात थांबवला गेला. शास्त्राच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा बाई ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देत. घरी तर विषयच निघत नसे. मग वयात येणाऱ्या पोरांच्या शंकांना उत्तर म्हणून माझं ५० रुपयांचं कार्ड मिळायचं.

त्या उत्तरानं काय केलं, ते मला फार उशिरा एका माणसाच्या तोंडून कळलं. शाळेत असताना तो माझा नेहमीचा गिऱ्हाईक होता. लग्न होऊन काही महिने झाले होते, बायको माहेरी निघून गेली होती. दुकान बंद करायच्या वेळी आला आणि स्टुलावर बसून राहिला. म्हणाला, “दादा, मला तेच खरं वाटत हुतं. बाईला तसंच पाहिजे असतंय असं वाटत हुतं. ती नको नको म्हणत हुती, मला वाटलं तसंच म्हणायचं असतंय.” तो मला दोष द्यायला आला नव्हता. दुसऱ्या कुणाशी बोलता येईना म्हणून आला होता. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं. त्याच्या बायकोनं काय सोसलं असेल, याचा विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला. तोपर्यंत हा सगळा पोरांचा चाळा आहे असं मी धरून चाललो होतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला एखादी मुलगी असते हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि कार्डांचा धंदा काही महिन्यांत बसला. मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट होता, ५० रुपये कोण देणार? ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ची पाटी मी उतरवली. मनातल्या मनात सुटल्यासारखं वाटलं. पण मी स्वतःहून काहीच सोडलेलं नव्हतं, गिऱ्हाईक गेलं म्हणून ते सुटलं होतं.

आणि लगेच दुसरं सुरू झालं. स्मार्टफोन घेतला की गूगलचं खातं उघडावं लागतं आणि तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकाच्या खात्याशी जोडल्याशिवाय उघडत नाही. बापाला ईमेल म्हणजे काय हे ठाऊक नसायचं, गर्दीची वेळ असायची. मी सरळ १ जानेवारी ही तारीख आणि अठरा पूर्ण होतील असं कुठलंही साल टाकून खातं उघडून द्यायचो. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी पोरांचा वाढदिवस गूगलच्या लेखी १ जानेवारीला येतो, तो माझ्यामुळे. यात काही वाईट केलं असं मला वाटतच नव्हतं. पण लहान मुलाचं खातं असेल तर गूगलच्या शोधातली गाळणी आपोआप चालू असते, यूट्यूबवरचे प्रौढांसाठीचे व्हिडिओ उघडत नाहीत. ही सोय फार भक्कम नाही, पण आहे. ती मी दोन मिनिटं वाचवण्यासाठी काढून टाकत होतो. २०१८ च्या ऑक्टोबरात, उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं ८२७ संकेतस्थळं बंद करायला लावली, तेव्हा पोरं पुन्हा काउंटरला आली. “दादा, साइट उघडंना.” वीस रुपयांत मी ती बंदी चुकवणारं व्हीपीएन टाकून दिलं.

आता २०२०.

शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. ज्यांच्या घरी साधा फोन होता ते सगळे जुना स्मार्टफोन शोधत दुकानात येऊ लागले. द्राक्षबागेत मजुरीला जाणारी एक बाई बचत गटातून उचल घेऊन आली. मुलगी पाचवीत. मी साडेतीन हजारांचा एक वापरलेला फोन दिला. फोन रीसेट केला होता. पण रीसेट केल्यानं फोनच्या आतलं पुसलं जातं, खाचेतलं मेमरी कार्ड तसंच राहतं. झाकण उघडल्यावर कार्ड दिसलं होतं. म्हटलं असू दे, वापरतील. बाईला सांगितलंसुद्धा, “ताई, कार्ड फुकट दिलंय.”

गणपतीचे दिवस होते. त्या वर्षी मंडळं बंद, देवळं बंद. आजी म्हणाली, आरती लाव. पोरीनं फोनमध्ये शोधलं आणि तिला ‘आरती संग्रह’ सापडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आजीला नीट दिसत नव्हतं, पण आवाज आला आणि तिनं पोरीला विचारलं, “काय लावलंस गं हे?” पोरीनं फोन उशीखाली कोंबला. त्यानंतर ती फोनला हात लावेना. वर्ग सुरू झाला की परसात जाऊन बसे. आई बागेतून दमून यायची, उचलीचे हप्ते चालू होते आणि पोरगी शिकायला बसत नव्हती. एके दिवशी ती फोन घेऊन माझ्याकडे आली. “भाऊ, ह्यो बघा की जरा. पोरगी हातच लावंना. इचारलं तर रडती.”

मी आतल्या खोलीत जाऊन फोन उघडला आणि फोल्डर बघितला. वरच्या आरत्यांचा क्रम माझा होता. कार्ड मीच कधीतरी कुणाला तरी भरून दिलेलं, फिरत फिरत परत माझ्याच दुकानात आलं होतं आणि मीच ते त्या घरात पाठवलं होतं. मी सगळं पुसलं, कार्ड मोडून टाकलं आणि बाहेर येऊन सांगितलं, “व्हायरस होता ताई, काढलाय.” पैसे घेतले नाहीत. ती आभार मानून गेली.

माझ्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मोठी. कार्डं भरली तेव्हा समोरच्याचं नुकसान मला दिसत नव्हतं, निदान मी ते बघत नव्हतो. इथं सगळं समोर होतं. अकरा वर्षांची पोर घाबरून बसली आहे, का बसली आहे हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी गप्प राहिलो.

माझी बायको आशा सेविका आहे. तिचं त्या वस्तीत जाणं असतं. काही आठवड्यांनी जेवताना तिनं सहज सांगितलं की अमक्या घरची पोर फार खचली आहे, आईनं अभ्यासावरून मारलंय, रात्री दचकून उठते. माझा घास तसाच राहिला. मी तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या कार्डापासून. कार्डांत काय असायचं ते तिलाही तोवर माहीत नव्हतं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्या पोरीला वाटत असेल, आपणच काहीतरी घाण केलं. उद्या माझ्याबरोबर यायचं. मी एकटी सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी उंबऱ्यापाशी बसून त्या आईला सांगितलं. पहिल्यांदा तिला कळेना, फोन परत बिघडला असं तिला वाटलं. कळलं तेव्हा ती ओरडली नाही. म्हणाली, “मी मारलं की हो तिला. तुमच्या फोनपायी मारलं.” तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली.

बायको पोरीला घेऊन परसात बसली होती. मला आवाज येत होता. ती सांगत होती, “तू आरती लावायला गेली होतीस. ते तिथं ज्यानं ठेवलं, चूक त्याची आहे. तुझी काही चूक नाही. आईला माहीत आहे, आई आता रागावणार नाही.” पोरगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, “त्या बाईला लागलं असंल का?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या बायकोकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. वर्षानुवर्षं मी डिस्का भरून आणल्या. त्यात ‘कॉलेज’, ‘गावाकडचं’ अशा नावांचे कितीतरी व्हिडिओ होते. त्यांतले चोरून काढलेले किती, त्यांतल्या मुली कोण होत्या, त्यांची वयं काय होती? २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री नुसती पाहणं किंवा न पुसता, न कळवता जवळ बाळगणं हाही पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. बातमी वाचून मी दिवसभर दुकान उघडलं नाही. एका लहान मुलीला जे एका नजरेत दिसलं, ते मी इतकी वर्षं विकूनही पाहिलं नव्हतं.

त्या घरी जाऊन आल्यानंतर मी सुधारण्याचा उत्साह दाखवला आणि त्यातही चुकलो. पालकांच्या फोनमध्ये गाळण्या आणि लॉक घालून द्यायला लागलो, दोनशे रुपये घेऊन, आणि वर सांगायचो, “आता निर्धास्त राहा.” निर्धास्त राहायला सांगणं चूक होतं. घरच्या फोनला लॉक असेल तर मित्राच्या फोनला नसतो. टेलिग्रामच्या ग्रुपवर येणारं मी घातलेली गाळणी अडवत नव्हती. एका बापाच्या सांगण्यावरून तर मी त्याच्या मुलीच्या फोनमध्ये तिच्या नकळत नजर ठेवणारं ॲप टाकून दिलं. त्यात वर्गातल्या एका मुलाशी साध्या गप्पा निघाल्या. मुलीचं कॉलेज बंद झालं. तिला कसल्या तरी घाणीपासून वाचवायचं म्हणून बाप आला होता, आणि तिचं शिक्षण गेलं. तेव्हापासून मुलाला सांगितल्याशिवाय कुठलंही ॲप टाकायचं मी सोडलं. जे काही बसवायचं ते मुलाला शेजारी उभं करून, काय आणि का ते सांगून.

आता फोन घ्यायला आलेल्या आईबापांना मी खऱ्या जन्मतारखेचं खातं काढायला लावतो. पालकाचं खातं जोडावं लागतं, वीस मिनिटं जातात, काहीजण कंटाळून दुसऱ्या दुकानात जातात. जुना फोन देण्याआधी खाच गिऱ्हाईकासमोर उघडतो. आणि मुलाच्या देखत पालकांना एक वाक्य म्हणायला सांगतो: “काही वाईट दिसलं, कुणी काही पाठवलं, तर मला सांग, मी फोन काढून घेणार नाही.” बरेच बाप हे म्हणायला कचरतात. फोन काढून घेणार नाही हे तर त्यांच्या तोंडून निघतच नाही. पण मुलं आईबापांना सांगत नाहीत ती त्याच भीतीनं.

गेल्या वर्षी अकरावीतला एक मुलगा शटर अर्धं ओढल्यावर आत आला. अनोळखी बाईच्या नावानं व्हिडिओ कॉल आला होता, त्याचं चित्रण करून पैसे मागत होते. दोनदा पाठवून झाले होते, तिसऱ्यांदा आईची पोत विकायच्या विचारात होता. आणखी पैसे पाठवायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, एवढं त्याला समजावून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला आणि मग त्याच्या बापाला बोलावून घेतलं. बाप आल्या आल्या हात उगारणार होता. मी त्याला बाहेर नेलं आणि त्या पाचवीतल्या पोरीची हकीकत सांगितली, कुणाचं नाव न घेता, माझं नाव मात्र घेऊन. तो शांत झाला. अठराखालच्या मुलांचे असे फोटो-व्हिडिओ पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची फुकट सेवा आहे. त्यात मूळ फोटो कुठं पाठवावा लागत नाही, त्याची डिजिटल खूण तेवढी जाते. त्या सेवेवरची माहिती आम्ही तिथंच भरली. घाबरलेल्या मुलाला कुणाशी बोलावं कळत नसेल तर मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहे, रात्री-अपरात्रीसुद्धा.

ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना गिऱ्हाईकाचं वय पक्कं तपासणं बंधनकारक झालं. लगेच लोकांनी व्हीपीएन घेतले, ओळखपत्रं कुणाच्या हाती जातील यावर वाद झाले. व्हीपीएनचं मला नवल वाटलं नाही, मीच वीस रुपयांत टाकून देत होतो. ओळखपत्रांची भीतीही खरी आहे. आपल्याकडे आधारच्या झेरॉक्स कुठं कुठं पडलेल्या असतात ते दुकानदाराला विचारा. तरीही ही संकेतस्थळं चालवणाऱ्या कंपन्या वय तपासणं अवघड आहे म्हणतात, तेव्हा माझा विश्वास बसत नाही. कुणाला कोणती जाहिरात दाखवायची हे त्यांना बिनचूक कळतं. मला काउंटरवर जे हात दिसत होते, त्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांना दिसतं. मीही वय विचारू शकत होतो. विचारलं नाही, कारण ५० रुपये जात होते.

ती मुलगी आता मोठ्या वर्गात आहे. त्या घरचं रिचार्ज दुसऱ्या दुकानातून होतं, आणि ते बरोबरच आहे. माझी बायको अधूनमधून तिला भेटते, मी जात नाही.

तालुक्याच्या मोबाइल विक्रेत्यांच्या बैठकीत मी विषय काढला होता: वापरलेला फोन कार्ड काढूनच विकायचा, मुलाच्या खात्यावर खोटी जन्मतारीख टाकायची नाही. माझ्या जुन्या धंद्याची आठवण करून देऊन एकानं मला गप्प केलं. त्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं, म्हणून मी तेव्हा खाली बसलो. नंतर दोघे वेगळे भेटून म्हणाले की आम्ही करतो. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. तिथं मी हाच विषय पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी आधी माझं सगळं सांगून मग मांडणार आहे.